अंगणातली लाकडाची भट्टी: हवा कशी सांभाळायची आणि एक भरणी बारा तास कशी पुरवायची

न्यूयॉर्क राज्याचा उत्तर भाग, मिशिगन, विस्कॉन्सिन, मिनेसोटा, मेन, नाहीतर कॅनडातलं ओंटारिओ. या पट्ट्यात गावाबाहेर जमिनीसकट घर घेतलं की बऱ्याचदा मागच्या अंगणात पत्र्याच्या खोलीएवढं, वर चिमणी असलेलं एक धूड आयतंच मिळतं. ती आउटडोअर वूड फर्नेस. आत लाकूड जळतं, त्या जळायच्या कप्प्याच्या म्हणजे फायरबॉक्सच्या भोवती पाणी असतं, ते तापून जमिनीखालच्या नळ्यांतून घरात येतं आणि उष्णता देऊन परत जातं. तत्त्व आपल्या तांब्याच्या बंबाचंच. फक्त बंबाला हवा आपण घालतो, इथे ती पाण्याचं तापमान बघून यंत्र घालतं.

नवा मालक पहिल्या थंडीत हमखास एक गोष्ट करून बघतो: हवेची वाट अर्धवट बंद करायची, म्हणजे आग मंद राहील आणि लाकूड सकाळपर्यंत पुरेल. प्रत्यक्षात लाकूड धुमसतं. त्यातला जळण्याजोगा वायू न जळताच चिमणीतून निघून जातो, वाटेत डांबर होऊन चिकटतो, शेजारी तक्रार करतात आणि लाकूड उलट जास्त लागतं. या भट्टीला हवा द्यायची तर पूर्ण, नाहीतर अजिबात नाही. जळण किती तास पुरणार हे लाकडाची ओल, भरणीचं वजन, दाराची घट्ट बसणी आणि घराची मागणी यांवर ठरतं.

खालचे आकडे अमेरिकेतल्या एककांत आहेत, कारण तिथली मीटरं, मॅन्युअल आणि दुकानदार याच भाषेत बोलतात.

१. आधी जमवायच्या गोष्टी

कागद: तुमच्या मॉडेलचं मॅन्युअल (जुन्या मालकाकडे नसेल तर अनुक्रमांक देऊन कंपनीकडून मागवा), गावाचा किंवा काउंटीचा परवाना, भट्टी दाखवून घेतलेल्या घरविम्याची प्रत. भट्टीवर कायमस्वरूपी लावलेली ईपीएची (अमेरिकेच्या केंद्रीय पर्यावरण संस्थेची) पट्टी असेल तर तिचा फोटो काढून ठेवा. १५ मे २०२० पासून अमेरिकेत नव्याने विकल्या जाणाऱ्या भट्ट्यांना ईपीएची धुराबाबतची दुसऱ्या टप्प्याची मर्यादा पाळावी लागते. जुन्या बसवलेल्या भट्ट्यांना हा केंद्रीय नियम मागे जाऊन लागू होत नाही, पण राज्याचे आणि गावाचे नियम लागू होऊ शकतात. न्यूयॉर्क राज्यात नव्या भट्टीला सर्वसाधारणपणे जमिनीपासून किमान १८ फूट उंच चिमणी आणि हद्दीपासून १०० फूट अंतर लागतं. कॅनडात विमा कंपन्या बहुतेक वेळा वेट (WETT, लाकडावर चालणाऱ्या भट्ट्या-शेगड्यांची) तपासणीचा अहवाल मागतात.

साधनं: लाकडाची ओल मोजायचं मीटर, लांब दांड्याचा फावडा आणि आकडी, घट्ट झाकणाची लोखंडी बादली, कोपरापर्यंतचे चामडी हातमोजे, चष्मा, नळीला चिकटवायचे दोन थर्मामीटर, दाराची गॅस्केट दोरी (दाराची फट बंद करणारी), खडू, उदबत्ती. आणि सामान तोलायचा टांगता काटा. मराठी घरात तो असतोच; २३ किलोच्या बॅगेसाठी घेतलेला काटा लाकूड तोलायला उत्तम चालतो. २३ किलो म्हणजे साधारण ५० पौंड.

२. हवेचा मार्ग ओळखा

साध्या भट्टीत दाराच्या आसपास किंवा मागच्या बाजूला हवेचा झडपवजा डॅम्पर असतो. त्याला सोलेनॉइड (विजेवर चालणारं चुंबक) उचलतं, आणि बऱ्याच मॉडेलांत शेजारी छोटा पंखा असतो. या दोघांवर हुकूम चालतो ॲक्वास्टॅटचा, म्हणजे पाण्याच्या तापमानावर चालू-बंद होणाऱ्या कळीचा. समजा तो १८५ अंश फॅरनहाइटवर लावलेला आहे आणि फरक १० अंशांचा ठेवलाय. पाणी १७५ ला उतरलं की झडप उघडते, पंखा लागतो, आग भडकते. १८५ झालं की पंखा बंद, झडप खाली. उरलेल्या निखाऱ्यांमुळे पाणी आणखी तीन-पाच अंश चढतं; ते ठीक आहे.

भट्टी पेटती असताना वीजपुरवठ्याची कळ बंद करून एकदा ऐका. झडप स्वतःच्या वजनाने 'खट्' करून पडली पाहिजे. पडली नाही, अर्धवट अडकली, तर रात्री वीज गेल्यावर आग चालूच राहील आणि पंप मात्र बंद असेल. झडपेच्या बैठकीवर डांबराचा थर किंवा ढलपी अडकलेली असते. पुट्टी काढायच्या पात्याने ती खरवडून काढायची.

३. घराला किती उष्णता लागते ते काढा

हा हिशेब वगळून लोक फायरबॉक्स गळ्यापर्यंत भरतात. हिशेब सोपा आहे. मागच्या जानेवारीचं प्रोपेनचं बिल घ्या. समजा ३०० गॅलन लागलं. एका गॅलनमध्ये सुमारे ९१,५०० बीटीयू (बीटीयू म्हणजे एक पौंड पाणी एक अंश फॅरनहाइटने तापवायला लागणारी उष्णता), आणि घरातला हीटर ९० टक्के कार्यक्षम धरला तर महिन्याला साधारण २ कोटी ४७ लाख बीटीयू घरात आले. जानेवारीच्या ७४४ तासांनी भागा: तासाला ३३,००० च्या आसपास. बारा तासांना जवळपास ४ लाख.

आता लाकूड. व्यवस्थित सुकलेल्या लाकडाच्या एका पौंडात जाती कुठलीही असो, साधारण ६,४०० बीटीयू वापरण्याजोगे असतात. ओक आणि पाईन यांच्यातला फरक मुख्यतः घनतेचा आहे. पौंडाला पौंड ते फार वेगळे नाहीत. जुन्या साध्या भट्टीची प्रत्यक्षातली कार्यक्षमता ४५ टक्के धरली तर पौंडामागे हाती येतात २,९०० बीटीयू, म्हणजे बारा तासांना सुमारे १४० पौंड. गॅसिफिकेशनच्या भट्टीत (लाकडातला वायू वेगळ्या कप्प्यात जाळणारी; पुढे कलम ८ बघा) ७० टक्के धरले तर ९० पौंड पुरतात. थंडीची लाट आली की हा आकडा वाढवा, ऑक्टोबरात आणि एप्रिलमध्ये अर्ध्याच्याही खाली आणा.

याच हिशेबातून भट्टीची नाडीही कळते. तुमच्या भट्टीत २०० गॅलन पाणी असेल, तर ते १० अंशांनी उतरायला २०० × ८.३४ × १० म्हणजे १६,७०० बीटीयू जावे लागतात (८.३४ हे गॅलनभर पाण्याचं वजन, पौंडांत). घर तासाला ३३,००० खेचतंय, तर झडप बंद झाल्यापासून अर्ध्या तासाने पुन्हा उघडली पाहिजे. भट्टी पेटल्यावर पाण्याला तासाला एक लाख बीटीयू देत असेल तर पंधरा मिनिटांत ती पुन्हा बंद होईल. पंधरा मिनिटं आग, अर्धा तास विश्रांती. पंखा यापेक्षा फार जास्त वेळ चालत असेल तर लाकूड ओलं आहे, राख हवा अडवतेय किंवा उष्णता वाटेतच कुठेतरी मुरतेय.

४. लाकडाची ओल

मीटरची टोकं ओंडक्याच्या बाहेरच्या टोकाला टोचू नका. टोक आधी सुकतं आणि खोटा आकडा दाखवतं. लाकूड फोडा, ताज्या फोडीच्या मधोमध, रेषांच्या दिशेने टोचा. हिवाळ्यात गोठलेलं लाकूड घरात आणून कोमट होऊ द्या, मग मोजा. २० टक्क्यांच्या आसपास हवं. २५ च्या वर गेलं की साध्या भट्टीत धूर वाढतो आणि गॅसिफिकेशनची भट्टी रुसते.

ओलीचा तोटा आकड्यात बघा. हिरव्या लाकडाच्या १०० पौंडांत ४० पौंड नुसतं पाणी असू शकतं. एक पौंड पाणी तापवून वाफ करायला साधारण १,१५० बीटीयू जातात. म्हणजे ४६,००० बीटीयू चिमणीवाटे फुकट, शिवाय आगीचं तापमान उतरतं आणि वायू पेटतच नाहीत. "ओलं लाकूड जास्त वेळ टिकतं" असं तिथलेही काही जुने लोक सांगतील. टिकतं खरं, पण घर गार ठेवून.

ॲश आणि मेपल फोडून, वरून झाकून आणि बाजूंनी वारा खेळता ठेवून एका उन्हाळ्यात बऱ्यापैकी सुकतात. ओकला दोन उन्हाळे द्या. 'सुकलेलं' म्हणून विकत घेतलेल्या प्रत्येक कॉर्डमधले (कॉर्ड हे तिथलं लाकडाचं माप) चार-पाच तुकडे विक्रेत्यासमोर फोडून मोजा. एक पूर्ण कॉर्ड म्हणजे रचलेली ४ × ४ × ८ फूट, १२८ घनफूट. 'फेस कॉर्ड' त्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी असू शकते. भाव ठरवताना हे आधी विचारून घ्या.

रंगवलेलं, रसायन मुरवलेलं किंवा चिकटवलेल्या भुशाचं लाकूड, प्लास्टिक, रबर, घरचा कचरा यातलं काहीही टाकू नका. कायद्याने बंदी आहे, आणि त्यातून निघणारं आम्ल फायरबॉक्सचा पत्रा खातं.

५. दार उघडण्याची पद्धत

ही पायरी घरातल्या प्रत्येकाला शिकवा, कारण भाजण्याचे प्रसंग इथेच येतात. झडप बंद असताना फायरबॉक्समध्ये न जळलेला वायू साठलेला असतो. दार एकदम उघडलं की ताजी हवा आत घुसते आणि ज्वाळा तोंडावर येते.

पंखा आधी बंद करा. बायपास (धूर थेट चिमणीत सोडणारी झडप) असेल तर तो उघडा आणि अर्धा-एक मिनिट थांबा. मग दाराचा खटका पहिल्या खाचेपर्यंत सोडा, दार बोटभर उघडं ठेवून पंधरा-वीस सेकंद बाजूला उभे राहा. आतला आवाज शांत झाला की मगच पूर्ण उघडा. दाराच्या समोर नाही, बिजागरीच्या बाजूला उभं राहायचं. नायलॉनचं जॅकेट अंगात नको, सुती किंवा लोकरी असू दे. आणि पाणी १७५ च्या आसपास उतरून आग चालू झाल्यावर भरायला जा. झडप नुकतीच बंद झालेली असताना दार उघडणं सगळ्यांत वाईट.

६. निखारे आणि भरणी

निखाऱ्यांचा थर तीन-चार इंच असू द्या. त्याहून कमी असेल तर नवं लाकूड पेटायला वेळ लागतो. जास्त झाला की हवेची भोकं बुजतात. मग पंखा घरघरत राहतो, पाणी चढत नाही आणि माणूस आणखी लाकूड टाकतो. आकडीने निखारे हवेच्या भोकांकडे ओढा, मागे उरलेली मऊ राख काढा. रोज सगळी राख काढायची गरज नाही, पण भोकं रोज मोकळी करा.

दिवसाच्या भरणीला ४–५ इंचांचे फोडलेले तुकडे, रात्रीला ६–८ इंचांचे जाड. जाड तुकड्याचा पृष्ठभाग वजनाच्या मानाने कमी, म्हणून तो सावकाश वायू सोडतो. वेळ लांबवायचा हा खरा उपाय, हवा दाबणं नव्हे. खाली दोन बारीक तुकडे, वर जाड, एकमेकांना लागून. दार आणि लाकूड यांत थोडी जागा सोडा, नाहीतर दाराची आतली बाजू तापून गॅस्केट लवकर जाते.

भरणी बारा तासांच्या हिशेबाचीच. आठ तासांत संपणारी भरणी आणि चोवीस तास धुमसणारी भरणी यांतली दुसरी जास्त नुकसान करते: झडप तासन्‌तास बंद, भिंतींवर डांबर, त्याखाली पत्र्याला गंज. शरद ऋतूत आणि वसंतात हा सापळा मोठा असतो. त्या दिवसांत घराची मागणी तासाला दहा हजारांवर येते आणि वरच्याच २०० गॅलनच्या भट्टीला पुन्हा पेटायला दीड तासापेक्षा जास्त लागतो. तेव्हा दिवसातून दोनदा छोटी भरणी घाला.

मध्येच आग विझत असेल तर काही नियंत्रकांत 'पल्स' सोय असते: दर अर्ध्या तासाला मिनिटभर हवा. आधी कमीत कमी लावा. जास्त पल्स दिला आणि घर उष्णता घेत नसेल तर पाणी उकळीकडे जातं.

७. हवा गळतेय का?

झडप बंद झाल्यावर पाणी १९५, २०० असं चढतच राहिलं, छिद्रातून वाफ दिसली किंवा पाण्याची पातळी आठवड्याला उतरू लागली, तर आत चोरवाटेने हवा येतेय. या भट्ट्या बहुतेक दाबरहित असतात, म्हणून फुटत नाहीत, पण पाणी उकळून कमी होतं आणि लाकूड तुमच्या गरजेशिवाय जळतं.

झडप बंद असताना पेटती उदबत्ती दाराच्या कडेने, झडपेच्या बैठकीजवळून, राखेच्या छोट्या दारापाशी फिरवा. धूर आत ओढला गेला ती गळती. पंखा चालू असताना मात्र उलटं होतं: आत दाब असतो, म्हणून गळतीतून भट्टीचाच धूर बाहेर येताना दिसतो. दुसरी परीक्षा थंड भट्टीवर. दाराच्या चौकटीच्या धारेला खडू लावा, दार बंद करून उघडा. दोरीवर खडूची रेघ सलग उमटली पाहिजे. जिथे तुटली तिथे आधी बिजागरी आणि खटका आवळा. तरीही भागलं नाही तर दोरी बदला. दोरी मॅन्युअलमध्ये दिलेल्या जाडीचीच. जाड घातली की दार वाकतं.

८. गॅसिफिकेशनच्या भट्टीत काय वेगळं

इथे वरच्या कप्प्यात लाकूड वायू सोडतं आणि तो वायू खालच्या कप्प्यात वेगळ्या हवेने जळतो. वरची हवा प्राथमिक, खालची दुय्यम. भट्टी पेटल्यावर पंधरा-वीस मिनिटांत चिमणीवर नुसती थरथरती गरम हवा दिसायला हवी. पांढरा दाट धूर राहिला तर लाकूड ओलं आहे किंवा बायपास नीट बंद झालेला नाही. काळपट धूर म्हणजे दुय्यम हवा कमी पडतेय. हवेच्या खिट्ट्या फिरवायच्या तर एका वेळी एकच, पाव फेरा, आणि मग एक पूर्ण भरणी संपेपर्यंत हात लावायचा नाही.

दोन कप्प्यांमधल्या भोकावर निखारे असायलाच पाहिजेत. लाकूड वर अडकून पूल बनला तर खाली निखारे उरत नाहीत, आग वायू पेटवू शकत नाही. ३ ते ६ इंचांचे सरळ तुकडे वापरले, गाठाळ आणि वाकडे बाजूला ठेवले, की हा प्रकार बराच कमी होतो. मागच्या नळ्यांतली भुरभुरीत राख मॅन्युअलप्रमाणे घासा; कार्यक्षमता इथेच गुपचूप उतरते.

९. परत येणारं पाणी आणि जमिनीखालची नळी

हवेचा दोष समजून लोक डॅम्पर फिरवत बसतात आणि खरी चोरी जमिनीत चालू असते. भट्टीतून निघणाऱ्या आणि घरात शिरणाऱ्या नळीला एकेक थर्मामीटर चिकटवा, दोन्हीवर कापड गुंडाळा. सूत्र: बीटीयू प्रति तास = ५०० × मिनिटाला गॅलन × तापमानातला फरक. पंप मिनिटाला ८ गॅलन ढकलतोय आणि वाटेत २ अंश गेले, तर तासाला ८,००० बीटीयू मातीत गेले. बारा तासांत ९६,००० म्हणजे साध्या भट्टीत ३३ पौंड लाकूड. हिमवर्षावानंतर अंगणात भट्टीपासून घरापर्यंत बर्फ वितळलेली पट्टी दिसली तर थर्मामीटरची गरजच नाही: नळीच्या आवरणात पाणी शिरलंय, ती बदलायची तयारी ठेवा.

परत येणारं पाणी १४० च्या खाली राहिलं की फायरबॉक्सच्या भिंतींना आतून घाम सुटतो, तो काजळीत मिसळून पत्रा खातो. थर्मोस्टॅटिक मिश्रण झडप (परतणाऱ्या पाण्यात गरम पाणी मिसळणारी) बसवून घ्या. त्याच कारणासाठी ॲक्वास्टॅट १६० वर आणून लाकूड वाचवायला जाऊ नका. पाण्यातलं गंजरोधक रसायन दर वर्षी कंपनीच्या तपासणी किटने तपासा. नुसतं नळाचं पाणी घालत राहिलात तर हमीही जाते.

१०. वीज गेली, पाणी आटलं

पंप थांबला तर घरात उष्णता येत नाही आणि कडाक्याच्या थंडीत नळ्या गोठू शकतात. छोटा जनरेटर पंप आणि नियंत्रकाला पुरतो. पाण्याची पातळी खुणेच्या फार खाली गेली आणि फायरबॉक्स लाल तापलेला असेल तर थंड पाणी ओतू नका. झडप बंद, दार बंद, पूर्ण गार होऊ द्या, मग भरा.

काढलेली राख लोखंडी बादलीत, झाकण लावून, लाकडी ओट्यापासून दूर काँक्रीटवर. आत निखारा दिवसन्‌दिवस जिवंत राहतो.

११. पहिल्या महिन्याची वही

भट्टीपाशी वही टांगा. भरणीची वेळ, वजन, लाकडाची जात आणि ओल, बाहेरचं तापमान, पुढच्या भरणीला उरलेले निखारे: इतकंच लिहा. तीन-चार आठवड्यांत बाहेर २० अंश फॅरनहाइट असताना किती पौंड आणि शून्याला किती, हे तुमच्या घराचं कोष्टक तयार होतं. एका वेळी एकच गोष्ट बदला. ॲक्वास्टॅट, लाकूड आणि गॅस्केट एकाच दिवशी बदललं तर फरक कशाने पडला ते कळणार नाही. ॲक्वास्टॅटचा फरक १० वरून १५ अंश करून बघणं हा वहीतला पहिला प्रयोग असू द्या: आग कमी वेळा पण जास्त वेळ, जास्त गरम पेटते आणि डांबर कमी होतं. घरातल्या हीटरला १७० चं पाणी पुरतंय ना, तेवढं बघा.

१२. हंगाम संपल्यावर

शेवटच्या दिवशी छोट्या, कोरड्या भरणीने भट्टी चांगली तापवा, म्हणजे भिंतींवरचं डांबर सुकून भुरभुरीत होतं. गार झाल्यावर कोपऱ्यांसकट सगळी राख काढा. उन्हाळ्यातल्या दमट हवेत ती ओल धरते आणि पत्र्याचा गंज तिथूनच सुरू होतो. चिमणी घासा, झडपेची बैठक खरवडा, दाराच्या दोरीची खडूपरीक्षा करा, आतल्या पत्र्याला तेलाचा हलका हात द्या, चिमणीवर टोपी घाला. पाणी काढू नका. रसायनासकट ते आत राहू दे. आणि ओक घ्यायचा असेल तर याच महिन्यात घ्या: आता फोडलेला ओक येत्या नाही, त्याच्या पुढच्या हिवाळ्यात भट्टीत जाईल.